इराणमधलं सहावं झाड

त्या उद्यानात पाच देश होते आणि पाचांना मिळून पाण्याची टाकी एकच होती. त्यामुळे देशादेशांत भांडणं व्हायची ती जगातल्यासारखीच, फक्त नळावरून. टेकडीच्या माथ्यावर इटली, दगडी पायऱ्यांची आणि मोठाल्या कुंड्यांची. तिच्याखाली जपान, जिथे पाणी म्हणून पांढरी खडी पसरलेली आणि तिच्यावर रोज सकाळी दाताळ्याने लाटा काढायच्या. डाव्या अंगाला चीन, गोल दरवाज्यातून वाकून आत जायचं. फाटकापाशी इंग्लंड, म्हणजे फुलांचा नुसता गलबला. आणि मधोमध सपाटीवर इराण. चार चौकोन, त्यांच्यामधून वाहणारे पाण्याचे पाट, आणि मोठ्या पाटाच्या दोन्ही काठांना चार-चार सरू, म्हणजे उंच, निमुळती, हिरवीगार झाडं. एकूण आठ.

बघायला येणारे लोक ‘वाहवा, काय कल्पना आहे’ म्हणत. आत राबणाऱ्यांना कल्पनेसाठी सवड नव्हती. जो ज्या बागेचा माळी, तेच त्याचं नाव. “जपानच्या कमरेत उसण भरलीय, आज खडी इटलीनं ओढायची,” असं मुकादम सकाळी ओरडायचा. “चीन कुठे उलथलाय?” असंही विचारायचा. नवीन माणसाला पहिले दोन दिवस हसू यायचं. तिसऱ्या दिवशी तोही कुठला तरी देश होऊन जायचा.

आपला माणूस इराण होता. एकतीस वर्षं. स्वतःचं खरं नाव त्याला हजेरीपटावर भेटायचं, तेही सही करताना घाईघाईत. उंच, किडकिडीत, बोलायला महाकंजूष. खिशात कायम एक ओळंबा, गवंडी भिंत बघायला लावतात तो, दोरीला बांधलेला लोखंडी लोलक. शिडीवर चढायचं, शेंड्यापासून ओळंबा सोडायचा आणि झाड दोरीला समांतर आहे की नाही हे एक डोळा मिटून बघायचं. जरा कुठे डहाळी बाहेर डोकावली की कात्री. कारण त्या बागेचा जीवच मुळी सारखेपणात होता. या काठाला जे, तेच त्या काठाला. पाटाच्या टोकाशी उभं राहिलं की आठ झाडं म्हणजे एकाच झाडाचे आठ ठसे वाटले पाहिजेत, हा तिथला नियम. साहेब चार बदलले, नियम बदलला नाही.

आणि त्या आठांतलं सहावं झाड सरू नव्हतंच.

ते मोरपंखी होतं. शाळेच्या आवारात, दवाखान्याच्या दाराशी, कुठेही असतं ते साधं, चपट्या पानांचं मोरपंखी. एकोणीस वर्षं इराणनं ते सरू म्हणून उभं ठेवलं होतं आणि एकोणीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता. हे कसं जमवलं ते सांगतो. ऐकायला गंमत वाटेल, करायला नव्हती.

खरा सरू महिन्यातून एकदा कातरला की भागतं. हे बेटं चौथ्या दिवशी अंगावर केस वाढावेत तसं फुलायचं. म्हणून दर चौथ्या दिवशी फाटक उघडायच्या आत इराण शिडीवर. सरूला गोटीसारखी वाटोळी फळं येतात, मोरपंखीला निळसर, बारीक शिंगं असलेली. म्हणून दर वर्षी ती शिंगाळी फळं हाताने एकेक खुडायची आणि डब्याच्या पिशवीतून घरी न्यायची. खुडता खुडता बोटांना डिंक लागायचा तो रॉकेलनेही जायचा नाही. पण खरी पंचाईत थंडीत. थंडी पडली की सरू हिरवागार राहतो आणि मोरपंखी तांबूस पडतं, गंजल्यासारखं. याला कात्री काय करणार?

पहिल्या थंडीत इराणनं भांडारातून गोणपाटं काढली आणि आठही झाडं पायापासून शेंड्यापर्यंत गुंडाळून टाकली. तेव्हाचे साहेब धावत आले. “हे काय?” इराणला उभ्या आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, पण वेळ आली की मुक्यालाही कंठ फुटतो. “थंडीचा वारा बाधतो साहेब,” तो म्हणाला. “तिकडे असंच करतात.” तिकडे म्हणजे कुठे, हे ना त्याने सांगितलं, ना त्यांनी विचारलं. पुढच्या वर्षी साहेबांनीच गोणपाटांची आठवण केली. तिसऱ्या वर्षी पाटाच्या टोकाशी एक देखणी पाटी लागली, ‘थंडीत सरूंना वस्त्र चढवण्याची प्राचीन परंपरा’. लोक त्या पाटीपाशी उभे राहून फोटो काढायला लागले. एका माणसाच्या लपवाछपवीची परंपरा व्हायला अडीच वर्षं पुरली, एवढ्या वेळात आंब्याच्या कलमालाही धड फळ धरत नाही.

आता हा उपद्व्याप कशासाठी? तर त्याच्या बायकोसाठी.

बायको त्याच्या अगदी उलट. आवाज असा की खालच्या दुकानात साखर सांगायची तर ती जिना उतरायची नाही, गॅलरीतूनच सांगायची. हसली की समोरच्या घरातल्या खिडक्या उघडायच्या. इराण बिचारा कानकोंडा व्हायचा. “अगं हळू. लोक बघतात,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. “चारचौघांसारखं वागावं माणसानं.” त्यावर ती म्हणायची, “चारचौघं आधीच चार आहेत की. तशीच पाचवी कशाला हवी?” आणि पुन्हा हसायची.

मूलबाळ नव्हतं. त्यावरून तिने कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही, निदान त्याच्यासमोर नाही. त्याच्या तोंडून सरूंचं कौतुक ऐकून ऐकून एकदा तिने हातगाडीवरून एक रोप आणलं. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात लावलं, गॅलरीत ठेवलं आणि तो घरी येताच म्हणाली, “बघा, माझाही सरू!” त्याने लांबूनच ओळखलं. “फसवलं तुला. मोरपंखी आहे हे.” ती जराही खजील झाली नाही. “असू दे. मी याला सरू म्हणणार. तुम्हाला नाही का सगळे इराण म्हणत? तुम्ही कधी गेला होतात तिकडे?”

असं ते रोप घरात वाढलं. आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी इराणने वर्षानुवर्षं कुणाला सांगितली नव्हती.

एकदा सुट्टीच्या दिवशी ती बाग बघायला आली. न सांगता, नवी साडी नेसून. भरगच्च गर्दी होती. इराण पाटाच्या अलीकडे साहेबांच्या शेजारी उभा होता, साहेब कुणा पाहुण्यांना सारखेपणाचा महिमा समजावत होते. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून, पाण्यावरून, ठणठणीत आवाज आला, “अहो इराण! इकडे बघा की!” सगळी बाग वळली. साहेब वळले. पाहुणे वळले. आणि इराण खाली वाकला. कारंज्याच्या तोटीत काहीतरी अडकलंय असं दाखवत तिथेच वाकून बसला, जणू ती हाक त्याला नव्हतीच. वर बघितलं तेव्हा पलीकडचा काठ रिकामा होता.

घरी ती काही बोलली नाही. नेहमीसारखं जेवायला वाढलं. बागेत मात्र पुन्हा कधी आली नाही. त्याला वाटलं होतं, कधीतरी सांगू, तेव्हा आपलं चुकलं म्हणून. माणसाला वाटत असतं की वेळ आपल्या घरची आहे.

पुढच्याच वर्षी ती आजारी पडली. अकरा दिवस इस्पितळात. तेव्हा बागेतले जुने सरू रोगाने गेले होते आणि नवी आठ रोपं पंपघरामागे त्याच्या हवाली केलेली होती. मोजून आठ, नववं नाही. तो इस्पितळाच्या बाकावरून उठून बागेत यायचा, पाणी घालायचा आणि परत जायचा. बायको आजारी आहे हे त्याने मुकादमालासुद्धा सांगितलं नव्हतं. घरचं दुखणं कामावर काय सांगायचं, हा त्याचा हिशेब. शेवटचे चार दिवस मात्र तो बाकावरून उठलाच नाही. उन्हाळा होता. ती गेली, सगळं आटोपलं, तो कामावर आला, तेव्हा सात रोपं कशीबशी तग धरून होती आणि सहावं वाळून कोळ झालं होतं.

लागवड दुसऱ्या दिवशी. मोठे पाहुणे यायचे होते. इराण घरी गेला, गॅलरीतला डबा उचलला आणि पहाटे फाटकातून आत नेला. उंची तेवढीच, हिरवेपणा तेवढाच. त्याने मनाशी म्हटलं, एक हंगाम राहू दे, मग रोपवाटिकेतून खरा सरू आणून गुपचूप बदलू. हंगाम आला. त्याने फावडं आणलं, झाडाच्या बुंध्याशी टेकवलं, आणि फावडं घेऊन परत गेला. तिच्या हातचं एवढंच तर उरलं होतं. बाकी साड्या होत्या, पण साड्या वाढत नाहीत.

तर अशी ती एकोणीस वर्षं. घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी. गॅलरीत तो रिकामा डबा तसाच, तळाशी मातीचं कडं. घरात इतकी शांतता की नळाची वॉशर गेली तरी त्याने ती बदलली नाही, टपटप तेवढीच सोबत. रविवारी धाकट्या बहिणीचा फोन यायचा. “दादा, जेवलास?” “जेवलो.” “काय केलं होतंस?” “केलं होतं काहीतरी.” “बोलत जा रे कुणाशी तरी.” “बोलतो की.” आणि फोन ठेवल्यावर सोमवारी मुकादमाने हाक मारेपर्यंत त्याच्या कानावर स्वतःचं नाव तर सोडाच, इराणही पडायचं नाही. त्याला एकटं वाटायचं. हे तो स्वतःशी कबूल करायचा नाही, म्हणून आपण करू या. त्याला फार एकटं वाटायचं. फक्त दर चौथ्या दिवशी शिडीवर, त्या चपट्या पानांत कोपरापर्यंत हात घातला की जरा बरं वाटायचं. तिथेही तो तेच पुटपुटायचा, “हळू. लोक बघतात,” आणि बाहेर आलेली डहाळी कातरायचा.

निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा उद्यानात नंबरवाल्या बाई आल्या.

त्या वनस्पतीशास्त्राच्या डॉक्टर. वरून हुकूम निघाला होता की उद्यानातल्या प्रत्येक झाडाची तपासणी करून, खरं नाव ठरवून, नंबराचा बिल्ला ठोकायचा आणि नोंदवहीत चढवायचं. बाईंचं वय पस्तिशीचं, गळ्यात भिंग, पायात मळलेले बूट. आधी इटली झाली, तिथे दोन झाडांची नावं चुकलेली निघाली. इंग्लंड ही बातमी घेऊन आली. इंग्लंड म्हणजे पन्नाशीची, आडव्या बांध्याची, जांभळे गमबूट घालणारी माळीणबाई. चौदा वर्षं तिचा आणि इराणचा खताचा ढीग एकच, पण तिच्या शंभर वाक्यांना याचं एक ‘हं’, एवढाच त्यांचा व्यवहार.

“अहो इराण, बाई फार कडक आहे हां,” ती म्हणाली. “पान चुरगळून वास घेते. इटलीतली ती दोन झाडं आहेत ना, साहेब म्हणतायत उपटून टाका. चुकीचं झाड नको म्हणे बागेत.”

“हं,” इराण म्हणाला, आणि शिडी उचलून सहाव्या झाडाकडे निघाला.

जपान झालं. चीन झालं. इराण रोज मावळतीला जाऊन बघायचा की बिल्ले कुठवर आलेत. आता तो सहाव्या झाडावर दिवसाआड चढायला लागला. एकेक फळ शोधून खुडलं. ओळंबा इतक्यांदा सोडला की दोरी विरली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्याच्या मनात तर पौर्णिमाच होती.

मग एका मंगळवारी सकाळी बाई आल्या. एक, दोन, तीन. इराण मागेमागे. चौथ्या झाडापाशी त्याला अचानक वाचा फुटली. पाटाचा उतार किती, तोट्या कुठल्या धातूच्या, शेवाळ कसं काढतात, एकतीस वर्षांत बोलला नसेल एवढं तो बोलला. बाई ‘हो का, हो का’ करत पाचव्यावर बिल्ला ठोकून सहाव्यापाशी आल्या. हात आत घातला. एक डहाळी काढली, चुरगळली, नाकाशी नेली. भिंगातून बघितलं. मग इराणकडे बघितलं. तो बोलायचा थांबला होता.

बाईंनी सातवं आणि आठवं उरकलं. मदतनिसांना चहाला पाठवलं आणि परत येऊन पाटाच्या कठड्यावर बसल्या.

“सहावं कुणी लावलं?”

“मी.”

“चुकून?”

“नाही.”

“याला फळं येत असतील ना?”

“येतात. मी खुडतो.”

“आणि थंडीत रंग?”

इराणने नुसतं पाटीकडे बोट केलं. बाईंनी पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि कपाळाला हात लावला. “म्हणजे ही प्राचीन परंपरा...”

“माझी आहे.”

“अहो, मी दोन वर्षं विद्यार्थ्यांना शिकवतेय हे!” आणि त्या हसल्या. मोठ्याने, डोकं मागे टाकून. इराण दचकून इकडेतिकडे बघायला लागला. तोंडावर आलेलं ‘हळू’ त्याने कसंबसं गिळलं.

मग त्याने सगळं सांगितलं. डबा, हातगाडी, इस्पितळ, चार दिवस. कारंज्याची तोटी सोडून सगळं. बाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “हे बघा काका, मी नोंदवहीत ‘सरू’ लिहू शकते. माझ्याशिवाय कुणी तपासणार नाही. पण तुमच्यानंतर दर चौथ्या दिवशी याला कोण कातरणार? आणि दुसरं, एक विचारू? एकोणीस वर्षांत तुम्ही या झाडाला एकदा तरी त्याच्यासारखं दिसू दिलंत का?”

इराण ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

“सोमवारपर्यंत हा बिल्ला कोरा ठेवते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगाल ते लिहीन. खरं लिहिलं तर साहेब काय करतील ते मात्र माझ्या हातात नाही.”

ते पाच दिवस इराणला जड गेले. खरं लिहिलं तर इटलीतल्या दोघांसारखं तेही उपटणार. खोटं लिहिलं तर दोन-चार महिने राहील, मग नव्या माळ्याच्या हाताखाली फुलेल, पकडलं जाईल आणि तेव्हा त्याची बाजू घ्यायला कुणी नसेल. रविवारी बहिणीचा फोन आला. “दादा, जेवलास?” तो म्हणाला, “तुझी वहिनी बागेत आली होती एकदा.” एकोणीस वर्षांत दादाने वहिनीचं नाव काढलं नव्हतं. “तिने मला हाक मारली,” तो म्हणाला, “आणि मी ओ दिली नाही.” एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडला. बहीण एवढंच म्हणाली, “तिने तेव्हाच सांगितलं होतं मला. म्हणाली, तुमच्या दादाला लाज फार. मी समजून आहे.”

समजून होती! हेच त्याला जास्त लागलं.

सोमवारी त्याने बाईंना सांगितलं, “खरं लिहा.” बिल्ला लागला. ‘मोरपंखी’. आणि त्या दिवसापासून इराणने त्या झाडाला कात्री लावली नाही. हात शिवशिवायचे. चौथा दिवस आला की शिडी खांद्यावर घेऊन पाचव्यापर्यंत जायचा आणि सातव्यावर चढायचा. दोन आठवड्यांत झाड पोट सुटल्यासारखं दिसायला लागलं. महिन्याने ते आठांतलं एक राहिलंच नाही.

साहेबांचा पारा चढला तो विचारू नका. “आठ म्हणजे आठ! मी इथे पाहुण्यांना सारखेपणा दाखवतो आणि हे मध्येच काय? तोडा!” इराण मान खाली घालून उभा. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब. वाढलेलं झाड तोडायचं तर अर्ज करावा लागतो, अर्जावर सात सह्या, आणि अर्जात कारणांचे रकाने ठरलेले. रोगट, वाळलेलं, पोखरलेलं, झुकलेलं, वीजतारांना अडथळा, इमारतीस धोका. साहेब अर्ज घेऊन नंबरवाल्या बाईंकडे गेले. बाईंनी नोंदवही उघडून दाखवली, ‘सहा नंबर, मोरपंखी, निरोगी, सरळ’. सरळ तर ते होतंच, ओळंब्याने वाढवलेलं. “कारण काय लिहू साहेब? इतरांसारखं नाही, असा रकानाच नाही,” बाई म्हणाल्या. इटलीतली दोन झाडं त्यांच्या अर्जात पोखरलेली निघाली म्हणून गेली होती. याला कीडसुद्धा लागलेली नव्हती. अर्ज कपाटात गेला आणि कपाटात गेलेली गोष्ट त्या कचेरीत चिरंजीव होते.

इराण निवृत्त झाला. चहा झाला, हार झाला, साहेबांनी भाषणात त्याचं खरं नाव घेतलं तेव्हा मागे कुणीतरी “हे कोण?” असं विचारलं. त्याची बाग इंग्लंडकडे आली. “इंग्लंडनं इराण घेतलं,” असं जपान आठवडाभर म्हणत फिरत होता. इराणने तिच्या हातात ओळंबा ठेवला. “सहाव्याला लावू नका,” एवढंच म्हणाला.

आता सकाळ झाली तरी उठून जायचं कुठे नव्हतं. तो पाचला उठायचा, चहा करायचा, गॅलरीत डब्याशेजारी उभा राहायचा. नळाची वॉशर त्याने निवृत्तीच्या आठवड्यातच बदलली होती आणि आता त्याचा त्याला पश्चात्ताप होत होता. तिकीट काढून बागेत जायला मन होईना. ज्या फाटकाच्या किल्ल्या आपल्या कमरेला होत्या तिथे रांगेत काय उभं राहायचं?

थंडी पडली तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. एका सुट्टीच्या सकाळी तो गेला, रांगेत उभा राहिला, तिकीट काढलं. भरगच्च गर्दी होती. तो मोठ्या पाटाच्या अलीकडच्या काठावर, कारंज्याजवळच्या बाकावर जाऊन बसला.

पलीकडच्या काठावर इंग्लंड शिडीवर होती. अलीकडचे चारही सरू गोणपाटात गुंडाळून झालेले, पलीकडचा पाचवा झालेला, सातव्याची शेवटची गाठ ती मारत होती. खरं तर आता त्या सातांना गुंडाळायचं काही कारण उरलं नव्हतं. ते हिरवेगार, ठणठणीत होते. पण पाटी होती ना! परंपरा म्हणजे परंपरा. आणि त्यांच्यामध्ये सहावं झाड उघडं उभं होतं. नखशिखांत तांबूस, अंगाने फुललेलं, शेंडा विस्कटलेला, आणि अंगभर निळसर शिंगाळी फळं. इराणने ते असं कधी पाहिलंच नव्हतं. एकोणीस वर्षं जवळ होतं आणि पाहिलं नव्हतं.

साहेब पाहुण्यांना घेऊन आले. थांबले. “बाई,” ते वर बघून म्हणाले, “हे एक का उघडं ठेवलंय? लोक बघतायत. कसं दिसतं ते! गुंडाळा तेही.”

इंग्लंड शिडीवरून उतरली. आठव्यासाठी आणलेलं गोणपाट तिच्या हातात होतं. तिने साहेबांकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. सहाव्याला ओळंबा लावायचा नाही हे तिला सांगितलेलं होतं, गोणपाटाचं काही सांगितलेलं नव्हतं. ती सावकाश सहाव्याकडे निघाली.

इराण उठला. महिनाभरात तो मोठ्याने एक शब्द बोलला नव्हता, आणि एवढ्या मोठ्याने तर आयुष्यात नाही.

“नको!” तो पाण्यावरून ओरडला. “त्याला नको! ते आमच्या हिचं आहे!”

सगळी बाग वळली. साहेब वळले, पाहुणे वळले, पाटीपाशी फोटो काढणारी माणसं फोन हातात धरून वळली. पलीकडे इंग्लंडने गोणपाट खाली टाकलं.

त्याच्या पायाशी कारंज्याची तोटी होती. तो खाली वाकला नाही.